बेस्टच्या घरातल्या बायका

फुटबॉलशी माझा संबंध एवढाच, की वर्ल्डकप आला की महिनाभर टीव्हीचा रिमोट मला दिसत नाही! पण मध्यंतरी मुलगा जॉर्ज बेस्टचे जुने सामने बघत होता. दाट काळे केस, किडकिडीत अंगकाठी आणि चेंडू जणू पायाला बांधलेला. मुलगा म्हणाला, "आई, हा दारूने संपला." समाजकार्याच्या निमित्ताने अशा घरांत माझं जाणं-येणं असतं. मग काय, मिळेल ते वाचत गेले.

बेस्ट उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचा, जन्म १९४६ चा. वडील गोदीत कामाला. पंधराव्या वर्षी मँचेस्टर युनायटेडने बोलावलं, तर घरच्या आठवणीने हा दोन दिवसांत परत! पुन्हा गेला आणि सतराव्या वर्षी पहिला सामना खेळला. १९६८ मध्ये युरोपियन कप जिंकला, त्याच वर्षी युरोपातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. वय बावीस! पैसा, गाड्या, मुली, आणि बाटली. सत्ताविसाव्या वर्षी क्लब सुटला. पुढे तो कुठे कुठे खेळला, ते सांगत बसत नाही.

मला अडवलं ते त्याच्या आईने. चाळिशीपर्यंत दारूला न शिवलेली ॲन नंतर पिऊ लागली आणि १९७८ मध्ये त्यातच गेली. मुलाची प्रत्येक भानगड पेपरात छापून येत होती. त्या माउलीने ती कशी वाचली असेल? बाईचं पिणं घरातच झाकलं जातं, हे मी इथेही पाहिलंय. आईकडे आपलं दुर्लक्ष झालं, हा सल बेस्टला शेवटपर्यंत होता. पण त्याने बाटली सोडली नाही. २००२ मध्ये यकृत बदललं, तरी पुन्हा प्यायला. नोव्हेंबर २००५ मध्ये, ५९ व्या वर्षी गेला. जायच्या आधी दवाखान्यातला पिवळा पडलेला फोटो त्याने स्वतःच छापायला दिला, माझ्यासारखे मरू नका, असं सांगून. अंत्ययात्रेला बेलफास्टचे रस्ते माणसांनी भरले होते. तो मारहाण करायचा, हे त्याच्या दुसऱ्या बायकोने उघड सांगितलंय. ते मात्र चाहत्यांना फारसं आठवत नाही.

पहिली बायको अँजी. ती सांगते, एकदा भर पावसात लहान मुलाला घेऊन गाडीतून चालली होती. रस्त्यात एक भिजलेला, झोकांड्या खाणारा भिकारी दिसला. कीव आली. जवळ गेल्यावर कळलं, तो आपला नवराच.

आमच्या बचत गटात हे सांगितलं, तेव्हा एकीने विचारलं, "मग थांबली का ती?"

म्हटलं, "नाही. तशीच पुढे गेली. एका वेळी दोन मुलं सांभाळणं तिला शक्य नव्हतं. नंतर वेगळीच झाली."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग कोपऱ्यातून एक जण हळूच म्हणाली, "ताई, तिला गाडी चालवता येत होती ना पण."