चारचौघांत घाम गाळताना

चाळिशी ओलांडलेल्या मध्यमवर्गीय गृहस्थाला डॉक्टरांनी 'रोज अर्धा-पाऊण तास भरभर चाला, जमल्यास थोडे धावा' असे सांगितले, की तो ते निमूटपणे मान्य करतो. परंतु हा सल्ला अमलात आणायला तो निघतो, तेव्हा त्याच्या वाटेत जो अडथळा उभा राहतो त्याचा उल्लेख डॉक्टरांनी केलेला नसतो आणि त्यानेही तो विचारलेला नसतो. वेळ मिळत नाही, पावसाळा आहे, गुडघा दुखतो, रस्त्यावर कुत्री आहेत, ही सारी कारणे घरात मोठ्याने सांगितली जातात. 'लोक बघतात' हे कारण मात्र सहसा कोणी सांगत नाही. ते सांगणे हीच पुन्हा एक शरमेची बाब. उजाडण्यापूर्वीच्या अंधारात फिरून येणारी जी माणसे आपण पाहतो, त्यांतील काहींना पहाटेची हवा खरोखरच आवडते. काहींना अंधार आवडतो.

शिक्षकाची अडचण तर विशेषच बिकट. मैदानाला फेऱ्या घालताना आठवीतल्या दोन मुलांनी त्याला पाहिले, की पहिल्या तासाला तो वर्गात शिरण्यापूर्वी ती वार्ता वर्गात शिरलेली असते. 'सर पळत होते!' यात वस्तुतः हसण्यासारखे काय आहे? पण मुले हसतात, आणि सरांनाही आतून वाटते की आपल्या पेशाला शोभणारे काहीतरी आपण गमावले. कार्यालयातील कारकुनाचे दुःख निराळे. ज्या साहेबांपुढे दिवसभर फाइल घेऊन अदबीने उभे राहायचे, तेच समोरून यावेत आणि आपण मात्र अर्ध्या चड्डीत, धापा टाकीत, घामाने निथळत असावे! अशा वेळी नमस्कार करावा की न पाहिल्यासारखे करावे, याचा निर्णय चार पावलांत घ्यावा लागतो. गृहिणीला तर दारातच अडवले जाते. एवढी घरची कामे पडली असताना वेगळा व्यायाम कशाला, हा प्रश्न शेजारीणही विचारते आणि कधी कधी नवराही.

हा केवळ विनोदाचा विषय असता तर या स्तंभांत त्याला जागा देण्याचे प्रयोजन नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली घालून दिलेल्या प्रमाणानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला निदान दीडशे मिनिटे मध्यम स्वरूपाचे श्रम करायला हवेत. २०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात आलेल्या पाहणीनुसार २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्मी प्रौढ माणसे एवढेही श्रम करीत नव्हती. पुरुषांत हे प्रमाण शेकडा ४२ तर स्त्रियांत शेकडा ५७ होते. मधुमेहींची संख्या दहा कोटींवर गेल्याचा भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीचा निष्कर्ष २०२३ सालचा. या साऱ्याचे खापर लाजेवर फोडता येणार नाही. बैठे काम, वाहनांची गर्दी, नाहीशी झालेली मैदाने ही कारणे उघड आहेत. परंतु उघड कारणांची चर्चा होते आणि या लपलेल्या कारणाची होत नाही, एवढाच मुद्दा आहे.

प्रथम आपली भाषाच पाहा. 'पळणे' या क्रियापदाला आपण दोन अर्थ दिले आहेत, आणि त्यांतला एक पळपुटेपणाचा आहे. रस्त्याने पळणारा माणूस दिसला की 'काय झाले?' असे विचारावेसे वाटते. कारण काहीतरी झाल्याशिवाय मोठा माणूस पळत नाही, अशी आपली धारणा आहे. 'धावणे' त्या मानाने प्रतिष्ठित. देव भक्ताच्या हाकेला धावतो, मित्र संकटात धावून येतो. पण तेथेही कोणासाठी तरी धावायचे असते. स्वतःच्या रक्तातील साखरेसाठी धावणाऱ्याला या दोन्ही शब्दांत सन्मानाची जागा नाही.

येथेच या लाजेचे मर्म सापडते, असे मला वाटते. शरीराची हालचाल चारचौघांत करण्याची लाज आपल्याला सरसकट वाटत नाही. आषाढी वारीत पाहा. एरवी बागेत कमरेत वाकायला संकोचणारा पन्नाशीचा मनुष्य तेथे भर रस्त्यात फुगडी घालतो, पावली खेळतो, रिंगणात धावतो. पोट सुटलेले आहे की नाही याचा त्याला विसर पडतो आणि पाहणाऱ्यालाही पडतो. गावोगावच्या डांबरी रस्त्यांवर पहाटे पोलीस भरतीसाठी धावणारी मुले-मुली पाहा. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर ठरलेल्या वेळेत काढायचे असतात. त्यांना कोणी हसत नाही. उलट चहाच्या टपरीवरचा म्हातारा 'आज किती मिनिटे लागली रे?' म्हणून आस्थेने विचारतो. वारकऱ्याच्या नाचण्याला आणि उमेदवाराच्या धावण्याला समाजाने मान्य केलेले कारण आहे. ज्याच्या हालचालीला असे कारण नाही, त्याचे केवळ शरीरच लोकांच्या डोळ्यांपुढे उरते. आणि आपले नुसते शरीर पाहिले जावे हे कोणालाही रुचत नाही.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट चांगली उमगलेली होती. तालमीची जुनी इमारत आठवून पाहा: ठेंगणे दार, लहान झरोके, आत मंद उजेड आणि ताक, तेल, हळद घालून मऊ केलेली तांबडी माती. नवा पोरगा तेथे लंगोट लावून उतरतो तेव्हा त्याच्या काडीसारख्या दंडांकडे पाहणारे जे असतात, ते सगळे त्याच्यासारखेच लंगोटावर असतात, आणि वस्तादाखेरीज कोणाला त्याची उठाठेव करण्याचा अधिकार नसतो. लोकांपुढे यायचे ते मागाहून, जत्रेच्या फडात. नाव झाले तर कोल्हापुरात शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बांधवून घेतलेल्या खासबाग मैदानात, हजारोंच्या समोर. मेहनत आडोशाला आणि कसब उजेडात, अशी ही विभागणी होती. स्त्रियांची मंगळागौर याच जातीची. रात्रभर झिम्मा, फुगड्या, पिंगा, आगोटापागोटा यांत जो घाम निघतो तो आजच्या कुठल्याही व्यायामवर्गाला लाजवील. पण तो निघतो बायकाबायकांत, घराच्या चार भिंतींच्या आत. हा आडोसा किती काळ सक्तीचा होता आणि त्यापायी स्त्रियांचे काय काय बुडाले, हे विसरून त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मात्र त्यात एक सोय होती, हे नाकारताही येत नाही.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी दुसरा मार्ग धरला. सूर्यनमस्कार त्यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सक्तीचे केले, स्वतः नेमाने घातले आणि त्यांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली विलायतेत पोचले. राजाच जोर काढतो म्हटल्यावर प्रजेने लाजायचे कोणाला? हा उपाय रामबाण खरा, परंतु त्यासाठी राजा लागतो.

व्यायामाची लाज हा केवळ आपल्या मागासलेपणाचा भाग आहे, असा समज असणाऱ्यांसाठी अमेरिकेची हकीकत सांगण्याजोगी आहे. आज तेथे रस्त्याने धावणाऱ्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. पण हे फार जुने नव्हे. ऑरेगॉन विद्यापीठाचे धावण्याचे प्रशिक्षक बिल बोवरमन १९६२ साली न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियर्ड यांच्याकडे गेले, तेव्हा सामान्य गृहस्थ आणि गृहिणी टेकड्यांवरून संथपणे धावतात हे पाहून ते चकित झाले. स्वतः पन्नाशीचे; दुसऱ्यांना धावायला लावणारे; आणि सत्तरी उलटलेल्या, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेल्या एका वृद्धाच्या बरोबरीने चढ चढताना त्यांचीच दमछाक झाली. परत आल्यावर त्यांनी आपल्या गावात सर्वसामान्यांना धावण्याच्या वर्गाला बोलावले आणि १९६७ साली त्यावर छोटे पुस्तक लिहिले. अमेरिकेतील पुढची धावण्याची लाट बरीचशी तेथून उठली. महत्त्वाचे हे, की ती एकट्यादुकट्याच्या निग्रहातून उठली नाही. माणसे घोळक्याने मैदानात आली आणि पाहणारे व पाहिले जाणारे यांतला भेदच पुसला गेला.

'लोकांकडे लक्ष देऊ नका' हा उपदेश स्वस्त आहे. मानसशास्त्र मात्र सांगते की लोकांच्या नजरेचा परिणाम प्रत्यक्ष अंगावर होतो. रॉबर्ट झायोन्क यांनी १९६५ साली या विषयावरील विखुरलेल्या प्रयोगांची संगती लावली: जे काम अंगवळणी पडलेले असते ते दुसऱ्यांच्या उपस्थितीत अधिक चांगले होते आणि जे नवखे असते ते बिघडते. पुढे त्यांनी झुरळांवरही हे पडताळून पाहिले. इतर झुरळे 'प्रेक्षक' म्हणून बसवली की सरळ वाटेने धावणारे झुरळ अधिक वेगाने धावे आणि वळणाच्या वाटेत अधिक गोंधळे. झुरळाला अब्रू नसते, तरीही! १९८२ साली काही अमेरिकी संशोधकांनी बिलियर्डसारख्या खेळाच्या टेबलापाशी उभे राहून नोंदी केल्या. प्रेक्षक आल्यावर चांगल्या खेळाडूंचे यशस्वी फटके शेकडा ७१ वरून ८० वर गेले, तर कच्च्या खेळाडूंचे ३६ वरून २५ वर आले. नवख्याला आपण लोकांसमोर अधिकच बेंगरूळ होतो असे वाटते, ते त्याच्या मनाचे खेळ नव्हेत. तालमीच्या ठेंगण्या दारामागचे शहाणपण या आकड्यांत दिसते.

याच शास्त्राचा दुसरा निष्कर्ष दिलासा देणारा आहे. कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचे चित्र असलेला सदरा घालून इतरांच्या खोलीत पाठवले. तो घालणे त्या वयाच्या मुलांना ओशाळवाणे वाटत असे. खोलीतील निम्म्या जणांच्या तरी तो लक्षात आला असेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे पाव जणांच्याच लक्षात आला. हे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे सारे जग पाहते आहे असे वाटते, तेव्हा जगातला तीन-चतुर्थांश भाग स्वतःच्याच सदऱ्याच्या काळजीत असतो.

मात्र हा दिलासा कोणाला द्यावा, याचे तारतम्य हवे. पोट सुटलेल्या पुरुषाला तो खुशाल द्यावा. टेकडीवर एकटी धावणाऱ्या तरुणीला देऊ नये. तिच्याकडे खरोखरच पाहिले जाते, शेरे मारले जातात, मोटारसायकल तिच्या जवळून मुद्दाम हळू नेली जाते. १९६६ साली बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉबी गिब यांना झुडपांत लपून मग शर्यतीत शिरावे लागले आणि १९६७ साली कॅथरीन स्विट्झर यांना शर्यतीच्या एका अधिकाऱ्यानेच धावता धावता धरून बाहेर काढण्याचा प्रयत्न केला. त्या शर्यतीत स्त्रियांना रीतसर प्रवेश मिळाला तो १९७२ साली. ही नजर काल्पनिक नव्हती. स्त्रियांचे वर दिलेले शेकडा ५७ हे प्रमाण वाचताना 'त्यांनी मनातला संकोच सोडावा' असे म्हणणारे लोक प्रश्न उलटा मांडतात. जिची भीती खरी आहे तिला मनोबलाची पुस्तके देऊन काय उपयोग? तिला रस्त्यावर दिवे हवेत, मैदानावर इतर स्त्रियांची सोबत हवी आणि शेरे मारणाऱ्याला हटकणारा एखादा तिऱ्हाईत हवा. हा तिऱ्हाईत होणे आपल्या सुशिक्षितांना विशेष जड जाते, असा अनुभव आहे.

आणि शाळा? मोठेपणी अंगाची लाज वाटणाऱ्या माणसाला ती प्रथम कोठे वाटली असे विचारले, तर पुष्कळजण शाळेचे मैदान सांगतील. कवायतीत मागे पडणाऱ्या लठ्ठ मुलाला सर्वांसमोर पुन्हा एकट्याने करायला लावणे, संघ निवडताना शेवटी उरलेल्या मुलीकडे पाहून हसणे, त्यांना टोपणनावे ठेवणे, आणि व्यायाम म्हणजे मुळी शिक्षाच असा समज उठाबशा काढायला लावून दृढ करणे, हे सारे शिक्षणाच्या नावाखाली चालत आले आहे. त्यातून परीक्षा जवळ आल्या की शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला देऊन टाकायचा. त्या मुलाला गणित येईलही. पण वीस वर्षांनी डॉक्टरांनी 'थोडे धावा' म्हटल्यावर त्याच्या कानांत तेच हसणे घुमेल. नवख्याला लोकांसमोर उभे केले की त्याचे बिघडते, हा झायोन्क यांचा नियम शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना तरी ठाऊक असावा. सर्वांनी एकदम करण्याचे व्यायाम आधी, एकट्याने करून दाखवण्याचे फार नंतर, एवढा क्रम पाळला तरी पुष्कळ लाज वाचेल.

याच शाळांची मैदाने सकाळ-संध्याकाळ कुलपात असतात. ती दीड-दोन तास परिसरातील प्रौढांना, त्यांतला काही वेळ केवळ स्त्रियांना, खुली केली तर रस्त्याची नजर भिंतीपलीकडे राहील. बंदोबस्ताचा आणि स्वच्छतेचा प्रश्न संस्थाचालक उपस्थित करतील. तो रास्त आहे आणि थोड्या वर्गणीत सुटण्याजोगाही आहे.

नगरपालिकांनी अलीकडे बागांतून व्यायामाची लोखंडी यंत्रे बसवली आहेत. कल्पना उत्तम. परंतु बहुतेक ठिकाणी ती फाटकालगत, थेट रस्त्याकडे तोंड करून उभी आहेत. त्यांवर झुलणाऱ्या गृहस्थाला बसची वाट पाहणारे सगळे न्याहाळू शकतात. म्हणून मोठी माणसे तिकडे फिरकत नाहीत आणि लहान मुले त्यांचे झोके करून ती मोडतात. तीच यंत्रे वीस पावले आत, मेंदीच्या कुंपणाआड नेली तर निम्मा प्रश्न सुटेल आणि खर्चही फारसा येणार नाही. मात्र तेथे नेल्यावर, ती ज्यांच्या प्रयत्नांनी बसवली गेली त्या लोकप्रतिनिधींच्या नावाची पाटी रस्त्यावरून दिसणार नाही.