रानकांदा ओळखा, जपा; पण खाऊ नका

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिमेला अकोले तालुका आहे. तिथं कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड असे उंच डोंगर आहेत. सह्याद्रीच्या डोंगरउतारांवर आणि माळांवर एक कांदा आपोआप उगवतो. त्याला रानकांदा म्हणतात. कोणी कोळकांदाही म्हणतात.

नाव कांद्याचे, रूपही कांद्याचे. पण हा खायचा कांदा नव्हे. हा विषारी आहे. याचे कूळ शतावरीचे, कांदा-लसणाचे नाही.

मग ओळखायचा कसा? खुणा सोप्या आहेत.

आपल्या कांद्याची पात गोल आणि आतून पोकळ असते. रानकांद्याचे पान चपटे असते. ते पोकळ नसते. कांदा कापला की वास सुटतो, डोळ्यांना पाणी येते. रानकांद्याला तो वास नाही. त्याचा रस चिकट असतो. हाताला लागला तर खाज सुटते. चव कडू जहर. पण चव घेऊन पारख करू नका.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पहिल्या पावसात आपण फोडशीची भाजी खुडतो. तिची पानेही चपटीच. रानकांद्याची पानेही पावसातच येतात. शंका आली तर एक रोप खणून पाहा. फोडशीच्या खाली मुळांचा झुबका असतो. रानकांद्याच्या खाली पांढरा गड्डा असतो. गड्डा दिसला तर ती भाजी घरी आणू नका.

रानकांदा पोटात गेला तर उलट्या होतात, जुलाब होतात, पोटात कळा येतात. नाडी मंद पडते. हृदयाचे ठोके बिघडतात. जीवही जातो. कोणी खाल्लाच तर घरी उपाय करीत बसू नका. लगेच १०८ नंबरला फोन करा. माणसाला दवाखान्यात न्या. उरलेला गड्डा बरोबर न्या, म्हणजे डॉक्टरांना कळेल.

तुम्ही म्हणाल, इतका वाईट आहे तर उपटून का टाकू नये? तसे नाही. वैद्य याला वनपलांडू म्हणतात. कफ सुटण्याच्या औषधात तो वापरतात. पण वैद्य तो शुद्ध करून, मापाने देतात. ते काम आपले नव्हे. भूमध्य समुद्राच्या काठी याचा एक भाऊबंद वाढतो. त्यापासून पूर्वी उंदीर मारायचे औषध करीत. माणसाला उलटी होते, उंदराला उलटी करता येत नाही. म्हणून उंदीर मरे.

औषधासाठी लोक रानकांदे खणून नेतात. गड्डा गेला की झाड गेले. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली झाले. तिथून तर काहीच खणून आणायचे नाही. जे आहे ते तिथंच राहू द्या.

आपल्याच बांधावर रानकांदा असेल तर तो असा जपा. त्याला मुरमाड, निचऱ्याची जमीन लागते. पाणी साचले की गड्डा कुजतो. पावसाळ्यात वेगळे पाणी नको. पाने सुकली की तो मेला असे समजू नका. तो जमिनीत झोपतो. उन्हाळ्यात पाने नसताना लांब दांडा येतो. त्याला तपकिरी घंटेसारखी फुले लागतात. मग बोंडे धरतात. त्यात काळे, चपटे बी असते. ते पावसाच्या तोंडावर मुरमात पेरा. गड्डा मोठा व्हायला काही वर्षे लागतात. घाई करून चालत नाही.

भोवती काटे लावा. गुरे आणि पोरे तिथं जाऊ देऊ नका. कांद्याच्या वाफ्याजवळ तो लावू नका. चाळीत किंवा स्वयंपाकघरात तर कधीच ठेवू नका. हात लावला तर साबणाने धुवा.

घरातल्या पोरासोरांना ही ओळख आजच करून द्या. ज्याला ओळख आहे, त्याला रानाचे भय नाही.