उंदीरमारी आणि देवराई

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. त्यानंतर सातपूर हे नाव नाशिककरांच्या बोलण्यात गावापेक्षा कारखान्यांचेच वाचक झाले. याच परिसरात फाशीचा डोंगर आहे. वनखात्याच्या या जमिनीवर पूर्वी गिरिपुष्पाची लागवड होती. गिरिपुष्प हे नाव श्रुतिमधुर खरे, पण घडविलेले; लोक त्याला उंदीरमारी म्हणतात. मध्य अमेरिकेतून आलेल्या या झाडाच्या शास्त्रीय लॅटिन नावाचा अर्थही जवळजवळ तोच होय. नामकर्त्याने विष झाकून फूल तेवढे पुढे केले!

५ जून २०१५ रोजी नागरिकांनी येथे देशी वृक्ष लावले आणि त्या स्थळास ‘देवराई’ म्हटले. येथे अर्थाचा प्रश्न उद्भवतो. देवराई लावीत नाहीत, राखतात. अनेक ठिकाणी तीतून वाळलेले लाकूडही न्यावयाचे नसते. मुंबईत माहीमच्या जुन्या कचराभूमीवर झाडे वाढवून जे स्थळ १९९४ मध्ये खुले झाले, त्यास ‘निसर्ग उद्यान’ हे नाव मिळाले. उद्यान म्हटले की माळी आला, झाडलोट आली. देवराईत माळी नाही. तेथे वठलेले झाड उभेच राहते, त्याच्या ढोलीत पिंगळा राहतो, आणि पाचोळ्यात सरड्यांना व किड्यांना आसरा मिळतो. लावलेल्या रानास हे नाव देणे म्हणजे शब्दाचा अर्थविस्तार होय, आणि मला तो मान्य आहे. मात्र शब्दाबरोबर त्याची अटही आली. फाशीच्या डोंगरावरील एखादे झाड वठेल, तेव्हा कुऱ्हाड चालते की नाही, हे पाहावे लागेल.