लॅपटॉपची कुंडली मांडा, मगच पैसे मोजा!

‘आय-फाइव्ह आहे, आठ जीबी रॅम, एसएसडी टाकलीय.’ सेकंड हँड लॅपटॉप घ्यायला गेलं की हे ऐकायला मिळतंच. वर स्टिकरही तेच सांगतो. पण स्टिकर काय, कुणीही चिकटवेल! घरच्यांचे वीस-पंचवीस हजार खर्च करण्याआधी खरं काय ते मशीनलाच विचारा.

त्यासाठी पेन ड्राइव्हवर उबुंटू किंवा मिंट घ्या आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. काही इन्स्टॉल करायची गरज नाही. टर्मिनल उघडा आणि पुढच्या कमांड इंग्रजी स्मॉल अक्षरांत टाइप करा.

एलएससीपीयू : प्रोसेसरचं पूर्ण मॉडेल दिसतं. नुसतं ‘आय-फाइव्ह’ म्हणजे काहीच नाही, हे नाव 2009 पासून चालू आहे. पुढचा नंबर वाचा. 6200 म्हणजे सहावी पिढी, 8250 म्हणजे आठवी.

फ्री डॅश एच : रॅम किती ते कळतं. आठऐवजी साडेसात दिसली तर लगेच भांडू नका. थोडी रॅम ग्राफिक्ससाठी राखीव असते.

एलएसबीएलके डॅश डी डॅश ओ नेम, साइझ, रोटा : ही तीन नावं स्वल्पविराम देऊन, मध्ये स्पेस न सोडता लिहा. रोटाखाली 0 असेल तर एसएसडी, 1 असेल तर जुनी फिरणारी हार्ड डिस्क. यादीत तुमचा पेन ड्राइव्हही येईल, तो साइझवरून ओळखा आणि सोडून द्या.

एलएसपीसीआय डॅश एनएन : ग्राफिक्स, वायफाय वगैरेंची यादी. प्रत्येकापुढे कंपनीचा कोड असतो. 10डीई म्हणजे एनव्हिडिया, 8086 म्हणजे इंटेल. हा आकडा इंटेलच्या 1978 मधल्या गाजलेल्या चिपचा! ‘ग्राफिक्स कार्ड आहे’ असं सांगितलं असेल तर इथे पडताळून बघा.

यूपॉवर डॅश डी : बॅटरीच्या माहितीत ‘कपॅसिटी’ची ओळ शोधा. 60 टक्के म्हणजे नवी असताना जेवढं चार्जिंग मावायचं, त्याच्या साठ टक्केच आता मावतं. भाव करताना हा आकडा कामी येतो.

कीबोर्डची बटणं, बिजागऱ्या, स्क्रीनवरचे डाग मात्र कुठलीच कमांड सांगणार नाही. ते हातानं आणि डोळ्यांनीच तपासायचं. एवढं सगळं दहा-पंधरा मिनिटांत होतं. आणि विकणारा तेवढाही वेळ द्यायला तयार नसेल, तर सरळ पुढचं दुकान गाठा.