अनारशावरची खसखस दुबईला चालत नाही

दिवाळी जवळ आली की धाराशिव जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांत एक बॅग वेगळी भरली जाते. दुबई, दोहा, रियाधला कामावर असलेल्या मुलासाठी फराळ, काळा मसाला, येसर, शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी. गावातलं कुणी तिकडं निघालं की ती त्याच्याकडं सोपवायची. तो जरा कचरला की ठरलेलं वाक्य येतं: "घरचंच तर खाणं आहे, त्याला कोण अडवतंय?"

अडवतात. चकली आणि शेव बहुधा निघून जाते. गोत्यात आणतो तो अनारसा, कारण त्याच्या एका बाजूला खसखस असते. करंजीच्या सारणात, डिंकाच्या लाडवात आणि अनेक घरांच्या काळ्या मसाल्यातही ती असतेच. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूरमध्ये खसखस नेणं गुन्हा ठरू शकतं. सिंगापुरात हा विषय थेट अमली पदार्थविरोधी खात्याकडं जातो.

यावर पहिला प्रश्न ठरलेला: "किराणा दुकानात मिळते ती वस्तू गुन्हा कशी?" आपल्याकडं नाही, हे खरं. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात वाळलेल्या बोंडावर बंधनं आहेत, पण त्याच्या व्याख्येतून बी वगळलं आहे. म्हणून ती तुळजापूरच्या दुकानात उघड्यावर विकता येते. बियांत स्वतःची अफू जवळजवळ नसतेच, मात्र बोंडाच्या चिकाचे अंश वरून चिकटून राहतात आणि त्यांत मॉर्फिन सापडतं. भारताने बी सोडून दिलं, आखातातल्या देशांनी नाही. आपला कायदा आपल्याबरोबर विमानात बसत नाही, एवढी साधी गोष्ट सुशिक्षित माणसांनाही पुन्हा पुन्हा सांगावी लागते.

"भाजली की चालते", "मसाल्यात वाटली की कोणाला कळतंय" ही पुढची पायरी. बंदी पदार्थावर आहे. भाजल्याने किंवा वाटल्याने त्याचं नाव यादीतून जात नाही. आणि दाण्यांची संख्या किती, हा बचाव तर करूच नये. ब्रिटनमधल्या फेअर ट्रायल्स इंटरनॅशनल या संस्थेने 2008 मध्ये दुबईच्या प्रवाशांना सावध केलं, तेव्हाच्या बातम्यांत एका स्विस माणसाचं उदाहरण होतं. पावावरचे खसखशीचे तीन दाणे कपड्यांवर सापडले आणि त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. अमिरातीचा कायदा 2021 मध्ये पहिल्यांदा सापडलेल्यांसाठी थोडा सौम्य झाला, म्हणून कुणी बरणी भरून न्यावी असं नाही.

सगळ्यांत चीड आणणारा युक्तिवाद वेगळाच असतो: "हैदराबादला बॅग मशीनमधून गेली, कुणी काही बोललं नाही." नळदुर्ग-उमरग्याकडची माणसं हैदराबादहून विमान धरतात, भूम-परंड्याकडची पुण्या-मुंबईहून, वाक्य दोन्हीकडं तेच. अहो, तिथली तपासणी विमानाला धोका आहे का, हे पाहायला असते. दुबईत काय चालतं हे बघणं त्या जवानाचं कामच नाही. "मागल्या वेळी भाऊजींनी अर्धा किलो नेली होती" हेही तसंच. त्यांची बॅग उघडली गेली नाही, यापलीकडं त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

उपाय अवघड नाही. अनारशाला तीळ लावा, मसाला करतानाच पाठवायचा वाटा खसखस घालण्याआधी बाजूला काढा.

आणि दुसऱ्याने शिवून दिलेलं पार्सल न उघडता नेऊ नका, देणारा सख्ख्या नात्यातला असला तरी. 2019 मध्ये मुंबईचं एक जोडपं नातेवाइकाने दिलेलं पाकीट घेऊन दोहाला उतरलं. त्यात चार किलो चरस निघाला. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. निर्दोष ठरून घरी परतायला 2021 उजाडलं.

आखात सोडून पश्चिमेला किंवा ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांचा गैरसमज खव्याचा. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या मानांकनाने सीमा उघडत नाहीत. युरोपीय संघ आणि ब्रिटन आपल्याकडून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत, डबा सीलबंद असला तरी. कारण जनावरांचा लाळ्या-खुरकूत रोग: तो आपल्याकडं आहे, त्यांना नकोय. ऑस्ट्रेलियात उतरताना कार्डावर खाण्याच्या वस्तूंबद्दल विचारतात. खरं लिहिलं तर फार तर पेढे जातात. लपवलं तर हजारो डॉलरचा दंड होऊ शकतो, आणि 2019 पासून व्हिसाही रद्द होऊ शकतो; त्याच वर्षी सिडनीत कच्चं डुकराचं मांस घेऊन उतरलेल्या एका व्हिएतनामी महिलेला परत पाठवण्यात आलं. न्यूझीलंडमध्ये जागेवरच 400 डॉलर मोजावे लागतात.

तुळजाभवानीची कवड्यांची माळ? ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला नेणार असाल तर जाहीर करा, कवडी हे समुद्री प्राण्याचं कवच आहे. ओटीतली खोबऱ्याची वाटी मात्र घरी ठेवा. सुकं खोबरं तेलामुळे पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं.

डॉक्टरांची चिठ्ठी असली की कोणतंही औषध चालतं, हेही खरं नाही. ट्रॅमाडोल किंवा कोडीन असलेल्या गोळ्या-सिरपसाठी अमिरातीत आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते. व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश पक्का, हा समज तसाच. शेवटचा निर्णय विमानतळावरचा अधिकारी घेतो, आणि परतीचं तिकीट तो मागू शकतो. व्हिजिट व्हिसावर जाऊन "तिथं काम बघू" म्हणणारा एजंट खोटं बोलतो.

राहिला जिल्ह्याचा खास प्रश्न. 2023 मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं म्हणून जुना पासपोर्ट बाद होत नाही. जन्मस्थान उस्मानाबाद छापलं असेल तर मुदत संपेपर्यंत तो चालतो. फक्त व्हिसाच्या अर्जात पासपोर्टवर आहे तेच लिहा, धाराशिव लिहून घोळ घालू नका.