लोखंडी पाइप, प्लास्टिकचा बॉक्स आणि मध्येच तुटलेली अर्थिंग

मालाडच्या मालवणीत कुठल्याही जुन्या गल्लीत जरा मान वर करून पाहा. मीटरच्या पेटीपासून खोल्यांपर्यंत वायरचे लोखंडी पाइप गेलेले दिसतील. उंदीर, घुशी, ऊन, शेजाऱ्याने ठोकलेला खिळा, या सगळ्यांपासून वायर वाचवायची तर लोखंडी पाइप चांगलाच. पुढे घरात माळा चढतो, मोरीचं बाथरूम होतं, पाण्याची मोटर बसते. मग फिटिंगवाला त्याच जुन्या पाइपाला प्लास्टिकचा नवा बॉक्स जोडून देतो. बॉक्स स्वस्त असतो, गंजत नाही, आणि प्लास्टिकमधून करंट जात नाही म्हणून घरातले सगळे निश्चिंत होतात. बॉक्सपुरतं ते खरंही आहे. धोका आहे तो बॉक्सच्या पलीकडच्या पाइपात.

आधी जुनी पद्धत समजून घेऊ. पूर्वी बॉक्सही लोखंडीच असायचा. पाइप त्यात लॉकनटने घट्ट कसला की पाइप, बॉक्स, पुढचा पाइप अशी लोखंडाची एकच साखळी व्हायची आणि तिचं एक टोक अर्थिंगला जोडलेलं असायचं. आता या साखळीतला लोखंडी बॉक्स काढून प्लास्टिकचा बसवा. मीटरकडचा पाइप अर्थला जोडलेला राहिला, पण बॉक्सच्या पुढचा पाइप लोंबकळत राहिला. दिसायला सगळं जोडलेलं, पण विजेच्या हिशोबाने साखळी तुटली.

आता त्या पुढच्या पाइपात काय होऊ शकतं ते पाहू. करवतीने कापलेल्या पाइपाची कड धारदार असते. ती कानशीने घासली नसेल तर वायर ओढताना तिच्यावरचं रबर सोललं जातं आणि फेजची तार पाइपाला टेकते. साखळी शाबूत असती तर मोठा करंट अर्थकडे धावला असता आणि एमसीबी पडला असता. साखळी तुटली असेल तर काहीच घडत नाही. दिवे लागतात, पंखा फिरतो, एमसीबी जागच्या जागी, आणि पाइप मात्र २३० व्होल्टवर. तो कुणाच्या तरी हाताची वाट पाहत असतो.

नववीच्या मुलांना आपण ओहमचा नियम शिकवतो, तोच इथे लावून पाहा. ओल्या अंगाचा रोध साधारण १००० ओहम धरला तर २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर करंट अंगातून जाईल. एवढा करंट जीव घेऊ शकतो. आपला एमसीबी १६ अँपिअरचा. त्याच्या लेखी ०.२३ म्हणजे एखादा पंखा लावल्यासारखं. तो कशाला पडेल?

“आमच्याकडे आरसीसीबी आहे,” असं काही जण सांगतात. चांगली गोष्ट आहे, प्रत्येक घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असायलाच हवा. पण लोंबकळत्या पाइपाच्या बाबतीत तो माणसाला झटका बसल्यावरच पडेल, कारण तोवर करंटला जायला वाटच नसते. पाइप अर्थला जोडलेला असेल तर फेज टेकल्याबरोबर, कुणी हात लावण्याआधीच तो पडतो. म्हणून दोन्ही हवेत. अर्थचा खड्डा कोरडा, कमकुवत झाला असेल तर एमसीबी वेळेवर पडेल याचा भरवसा नसतो. तिथे आरसीसीबीच कामाला येतो.

यावरचा इलाज तसा साधा आहे. प्लास्टिकच्या बॉक्सात शिरणाऱ्या प्रत्येक लोखंडी पाइपाला स्वतःची हिरवी वायर हवी. त्यासाठी पाइपावर अर्थचा क्लॅम्प बसवतात, किंवा बॉक्सच्या आत लॉकनटखाली स्क्रू असलेली धातूची रिंग घालतात. क्लॅम्प बसवण्याआधी तिथला रंग आणि गंज खरवडून चकचकीत लोखंड दिसलं पाहिजे. नाहीतर क्लॅम्प नुसता शोभेचा. मग दोन्ही पाइपांच्या हिरव्या वायरी आणि मेन बोर्डाकडून आलेली हिरवी वायर बॉक्सातच कनेक्टरमध्ये एकत्र कसायच्या. नुसत्या पिळून टेप गुंडाळणं चालणार नाही. पाइपाच्या तोंडाला प्लास्टिकचा बुश लावला की कड वायरला लागत नाही. बॉक्सच्या जवळच भिंतीला सॅडल मारून पाइप धरायचा, नाहीतर पाइपाच्या वजनाने प्लास्टिकचं भोक तडकतं. काही जण पीव्हीसीचं सोल्युशन लावून लोखंडी पाइप चिकटवतात. ते लोखंडाला धरत नाही.

पाइप लोखंडी आहे म्हणून आतली हिरवी वायर वाचवू नका. मढ-मार्व्याची खारी हवा आपल्याकडे वर्षभर असते. जोडावर गंज चढला की पाइपाची साखळी आपोआप सैल होते. आणि हो, अर्थची वायर नळाच्या पाइपाला बांधायची जुनी सवय सोडा. नळाचे पाइप आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचे झालेत. शेजाऱ्याचा नळ लोखंडी असेल तर तुमचा दोष त्याच्या मोरीत जाईल. अर्थ न्यूट्रलला जोडणं तर त्याहून वाईट.

खर्च करायची तयारी असेल तर मिसळ करूच नये, असं मला वाटतं. लोखंडी पाइपाला लोखंडी बॉक्स घ्या, किंवा पूर्ण लाइन पीव्हीसीची करून आत हिरवी वायर ओढा. लोहार चाळीत दोन्ही सामान मिळतं.

तपासणी परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. मेन बंद करून तो मल्टिमीटरचं एक टोक पाइपाला आणि दुसरं मेन बोर्डाच्या अर्थला लावेल. आकडा एक ओहमच्या आत यायला हवा. टेस्टर पेटला नाही म्हणून पाइप सुरक्षित, असं समजू नका. आज वायर शाबूत असेल तर तुटक्या पाइपावरही टेस्टर पेटणार नाही. पाइपाला हात लागून झणझणलं, तर मात्र मेन लगेच बंद करा आणि वायरमन येईपर्यंत सुरू करू नका.

घराबाहेर हीच तपासणी सगळ्यात आधी मस्जिदीच्या वुजूखान्यात व्हावी. तिथे मोटर असते, लोखंडी पाइप असतो, फरशी ओली आणि पाय अनवाणी. मीटरच्या पुढचं वायरिंग वीज कंपनीचं नसतं, मालकाचं असतं. त्यामुळे मस्जिदीत ट्रस्टींना आणि चाळीच्या सामायिक पॅसेजमध्ये कमिटीलाच वायरमन बोलवावा लागेल.