काकडीला खत किती, केव्हा आणि कसे?
— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



खोडवा तुटून गेला की आडसाली लागणीपर्यंत रान तीन-चार महिने मोकळे राहते. पाणी असेल तर त्यात काकडी घेता येते. पेरणीपासून दीड महिन्यात तोडा सुरू होतो आणि उसाच्या बिलाची वाट न पाहता घरखर्चाला पैसा मिळतो. मात्र उसाला देतो त्या हिशेबाने काकडीला खत दिले, तर वेल माजतो आणि माल मिळत नाही.

ऊस वर्षभर उभा असतो, एखादा हप्ता चुकला तरी तो भरून काढतो. काकडीला तेवढी सवड नाही. शिवाय तिची मुळे वरच्या थरातच पसरतात. म्हणून तिला थोडे थोडे, पण वेळेवर द्यावे लागते.

या बाबतीत कोकणाचे उदाहरण घेण्यासारखे आहे. रोहा तालुक्यातील धाटावकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथे एकदम टाकलेला युरिया पाण्याबरोबर निघून जातो. जमीन आम्लधर्मी असल्याने स्फुरदही मातीत अडकते. म्हणून तेथे शेणखत आळ्यात घालणे आणि नत्र हप्त्याने देणे भाग पडते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'शीतल' ही जात अशाच जास्त पावसाच्या भागासाठी आहे. आपल्याकडे पाऊस कमी, पण पाटाने भरपूर पाणी सोडले की नत्राचे तेच होते. आणि चुनखडीच्या रानात स्फुरद तसेच अडकते.

शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश अशी आहे. एकरी हिशेब असा:

१) पेरणीच्या वेळी: कुजलेले शेणखत ६ ते ८ टन, सिंगल सुपर फॉस्फेट अडीच पोती (१२५ किलो), म्युरेट ऑफ पोटॅश ३३ किलो, युरिया एक पोते (४५ किलो). सुपर फॉस्फेट शेणखतात मिसळून आळ्यात द्यावे, रानभर फोकू नये.

२) पेरणीनंतर एक महिन्याने: युरिया अर्धे पोते. उरलेले अर्धे पोते त्यानंतर पंधरा दिवसांनी. खत बुंध्यापासून चार बोटे दूर द्यावे, मातीने झाकावे आणि हलके पाणी द्यावे.

पाचट रानातच गाडले असेल, तर ते कुजताना नत्र ओढून घेते आणि कोवळा वेल पिवळा पडतो. ते नीट कुजल्यावरच पेरणी करावी.

वेलावर लक्ष ठेवा. खालची पाने फिकट व फळ टोकाला निमुळते असेल तर नत्र कमी. पानांच्या कडा करपल्या, फळ देठाकडे बारीक आणि टोकाला फुगीर झाले तर पालाश कमी. पाला गर्द हिरवा, वेल जोरात, पण फळ थोडे असेल तर नत्र जास्त झाले. अशा वेळी युरियाचा पुढचा हप्ता थांबवा. मधमाश्या कमी असल्या तरी फळे वेडीवाकडी होतात, तो दोष खताचा नव्हे.

खत घेण्याआधी माती तपासून घ्यावी. नमुना कसा काढावा, हे आपल्या गटाच्या शेतकी कर्मचाऱ्याला विचारावे.